सूर्य फिरवणारी बाई

इंदूकाकूंच्या घरी पानात पदार्थाच्या आधी तळटीप पडायची. "आमटी सुलभाताईंची, नागपूरच्या. चिंचेऐवजी आमसूल घातलंय, ते माझं. कढीपत्ता शेजारणीच्या कुंडीतला, विचारून तोडलेला." हे ऐकून झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही असा काही नियम नव्हता, पण कोणी घेतलाच तर काकू डाव हातात तसाच धरून थांबायच्या. मग खाणाऱ्याचाच हात आपोआप खाली यायचा.

मी पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावी पॉलिमरवर पीएचडी करायला आले आणि पहिल्याच हिवाळ्यात मला त्या भेटल्या. मोतीबिंदूमुळे त्यांना हायवेवर गाडी चालवायची बंदी होती, माझ्याकडे नवं कोरं लायसन्स होतं आणि गाडी नव्हती. त्यांची गाडी आणि माझं ड्रायव्हिंग असा करार झाला. शनिवारी इंडियन स्टोअर, मग लायब्ररी, मग त्यांच्या घरी जेवण. माझं नाव क्रांती. ते ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठून आलं?" मी सांगितलं, बाबांनी ठेवलं. इचलकरंजीला ते यंत्रमाग कामगारांच्या युनियनचं काम करायचे. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती, आणि अक्षरओळख मला पत्रकांच्या मथळ्यांवरूनच झाली.

"पत्रकावर लिहिणाऱ्याचं नाव असतं?"

"नाही."

"का?"

"पोलीस येतात म्हणून."

"हे कारण चालेल," काकू म्हणाल्या आणि जुडी माझ्यापुढे सरकवली. "क्रांती, आता कोथिंबीर निवड."

त्यानंतर पाच-सहा वर्षं मी त्यांच्या घरी कोथिंबीर निवडत होते आणि भांडत होते. मला वाटायचं, शब्द सगळ्यांचे असतात. आमचं पत्रक दुसऱ्या गावच्या युनियनने उचलून छापलं तर बाबा पेढे वाटायचे. काकूंना हे अजिबात पटायचं नाही. त्या म्हणायच्या, घ्या ना, कोण नको म्हणतंय, पण कुठून घेतलं ते सांगा, आणि घेतल्यावर काय बदललं तेही सांगा. "आधी कुठून ते सांग, मग काय ते," हे वाक्य त्या विद्यार्थ्यांना ऐकवायच्या, फोनवर मुलीला ऐकवायच्या, आणि एकदा माझ्यादेखत इन्शुरन्सवाल्यालाही ऐकवलं.

काकूंचा विषय ऐकून मराठी मंडळातले लोक गोंधळायचे. अमेरिकन धर्मांचा इतिहास, आणि त्यातही मॉर्मन या अमेरिकेतच निघालेल्या ख्रिस्ती पंथाच्या मंदिरातले विधी आणि फ्रीमेसन या जुन्या गुप्त बंधुसंघाच्या लॉजमधले, म्हणजे सभागृहातले, विधी यांचं नातं. दोन्हीकडे दारं बंद. मंदिरात त्या पंथाची दीक्षा घेतलेल्यांनाच प्रवेश, लॉजमध्ये पुरुष सभासदांना. आणि इकडे कोथरूडहून आलेली, कपाळाला टिकली लावणारी बाई या दोन बंद दारांच्या मधल्या बोळात उभं राहून आयुष्यभर अभ्यास करत होती.

या विषयात त्या शिरल्या चहामुळे. नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत आल्या त्या पहिल्या वर्षी पांढरे शर्ट घातलेले दोन तरुण मॉर्मन मिशनरी दारात आले. बाहेर थंडी. काकूंनी त्यांना आत बोलावून आलं घातलेला चहा पुढे केला. त्यांनी नको म्हटलं. कॉफी देऊ का विचारलं, तीही नको. काकूंना राग आला, कारण घरात आलेल्या माणसाने चहा नाकारायचा म्हणजे काय. मग कळलं की त्यांच्या धर्मात चहा-कॉफी चालत नाही. राग गेला, पण प्रश्न राहिला: हा नियम आला कुठून? मिशनरी पोरांनी आनंदाने ग्रंथ दिला. काकूंनी तो वाचून पुढच्या खेपेला इतके प्रश्न विचारले की तिसऱ्या खेपेला दुसरीच पोरं आली. यथावकाश काकू विद्यापीठात गेल्या, चाळिशीनंतर पीएचडी केली, आणि जवळच्या एका छोट्या कॉलेजात तासावर शिकवत राहिल्या. कायमची नोकरी कधी मिळाली नाही. काका वारले, मुलगी अदिती टेक्सासात फ्रिस्कोला गेली, आणि काकू टेकडीवरच्या त्या घरात त्यांच्या चोखंदळ स्वभावासह एकट्या राहिल्या.

त्या विषयातली गंमत त्यांनी मला भाजी चिरताना सांगितली होती. मॉर्मन पंथाचा संस्थापक स्वतः मेसन झाला, आणि त्यानंतर थोड्याच काळात त्याने मंदिरातला विधी सुरू केला. दोन्हीकडे एप्रन बांधतात, दोन्हीकडे खुणा, हस्तांदोलनं, शपथा. टीकाकार म्हणतात, त्याने लॉजचं उचललं. श्रद्धावान म्हणतात, मूळ विधी पुरातन आणि पवित्र होता, मेसन लोकांकडे त्याचा मोडका अवशेष उरला होता, आमच्याकडे तो पुन्हा पूर्ण झाला. पिढ्यानपिढ्या हाच वाद. "आणि मजा बघ," काकू म्हणाल्या, "कोणी कोणाचं चोरलं यावर लिहिणारे लोक एकमेकांचं चोरतात." खरंच होतं ते. या क्षेत्रात हौशी संशोधक पुष्कळ, छोटी नियतकालिकं पुष्कळ, आणि कोणाचा परिच्छेद कोणाच्या पुस्तकात सापडला याच्या भांडणांना तोटा नाही. काकूंच्या मते चोरी हा मुळात कंटाळवाणा प्रश्न होता. बघायचं ते हे की घेतल्यावर त्यांनी काय बदललं. बदलात माणूस दिसतो.

हे त्या नुसतं बोलत नसत. एका गणपतीत मंडळाच्या जेवणात शिल्पाने शंकरपाळी आणली होती. शिल्पा म्हणजे माझ्या अपार्टमेंटच्या खालच्या मजल्यावर राहणारी, नवऱ्याबरोबर नुकतीच एडिसनहून आलेली. सगळे वाहवा करत होते आणि ती म्हणाली, "माझी रेसिपी आहे." काकूंनी एक शंकरपाळी तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि भर हॉलमध्ये म्हणाल्या, "कृती सुलभा देव यांची, नागपूर. तुला मी दिली, पाडव्याला. साखर कमी केलीस तेवढी तुझी."

शिल्पाचा चेहरा उतरला. "काकू, शंकरपाळीच आहे यार, पेटंट थोडंच आहे."

"पेटंट नाही. सुलभाताई आहेत. अजून जिवंत आहेत."

शिल्पा वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. मी काकूंना म्हटलं, जरा जास्तच झालं. त्या म्हणाल्या, जास्त झालं असेल, पण चूक नाही झालं. साखर कमी केल्याचं श्रेय मी तिला दिलंच की.

काकूंच्या नावावर एकच गोष्ट होती, एक लेख. पंधरा-सोळा पानांचा, एका छोट्या त्रैमासिकात आलेला, आणि त्या विषयाच्या लोकांत बऱ्यापैकी माहीत असलेला. तो एका एप्रनवर होता. ओहायोतल्या एका गावच्या लॉजमध्ये भिंतीवर टांगलेला, आधी मेसन असलेल्या आणि मग मॉर्मन झालेल्या एका माणसाचा, त्याच्या बायकोने भरतकाम केलेला रेशमी एप्रन. मधोमध मेसन लोकांची खूण, गुण्या आणि कंपास, वर एका कोपऱ्यात सूर्य, दुसऱ्यात चंद्र. त्यावर एकही अक्षर नाही. त्या भागातल्या जुन्या एप्रनांवर सूर्य डावीकडे असायचा, चंद्र उजवीकडे. या एप्रनवर काकूंना सूर्य उजवीकडे आढळला. त्यांनी लिहिलं की ही नक्कल नाही. त्या बायकोने लॉजची खूण घेतली आणि नव्या श्रद्धेत आल्यावर जाणूनबुजून फिरवली. जिला लॉजच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं, तिने सुईने सूर्याची जागा बदलली. लेखातलं एक वाक्य मला पाठ होतं: सूर्याचा एक किरण बाकीच्यांपेक्षा लांब आहे, जणू दोरा उरला होता आणि तो तोडायला तिचा जीव होईना.

त्या बाईबद्दल काकू बोलत तेव्हा आपल्या नात्यातल्या कोणाबद्दल बोलावं तसं बोलत.

स्वतः काकूंनी तो एप्रन पाहिला नव्हता. लॉजची खोली वरच्या मजल्यावर, आणि तिथे बायकांना प्रवेश नव्हता. तिथला चिटणीस डेल नावाचा सभ्य माणूस होता. त्याने नियम मोडला नाही, पण एप्रनच्या जुन्या फोटोची काचेची निगेटिव्ह खाली आणून दिली. तळघरातल्या स्वयंपाकघरात, जिथे सभासदांच्या बायका जेवण रांधायच्या आणि म्हणून जिथे काकूंना बसता येत होतं, तिथे स्टीलच्या टेबलावर सोबत नेलेला, खालून उजेड देणारा लाइट बॉक्स ठेवून त्यांनी भिंगातून दिवसभर ती काच पाहिली. हे सगळं त्यांनी लेखाच्या पहिल्याच तळटीपेत लिहिलं होतं, स्वयंपाकघरासकट.

मग ते पुस्तक आलं. पश्चिमेकडच्या एका विद्यापीठातले नामवंत प्राध्यापक, मोठी प्रकाशनसंस्था, जाडजूड पुठ्ठ्याची बांधणी. प्रस्तावनेत त्यांनी आपण स्वतः मेसन असल्याचं अभिमानाने सांगितलं होतं. आठव्या प्रकरणात ओहायोचा एप्रन होता. "मी तो हातात घेऊन पाहिला तेव्हा," अशी सुरुवात, आणि पुढे सूर्य उजवीकडे, बायकोने केलेला बदल, लांब किरण, उरलेला दोरा, तो तोडायला न होणारा जीव. सगळं होतं, फक्त काकूंचं नाव कुठेही नव्हतं, अगदी संदर्भसूचीतही.

काकूंनी ते प्रकरण दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "चांगलं लिहिलंय."

मी मात्र पेटले. मला हे सरळ दिसत होतं. एकीकडे पगारी, पदव्यांनी मढलेला माणूस, दुसरीकडे तासावर शिकवणारी, परक्या देशातून आलेली बाई. युनियनच्या पत्रकात असतं तसंच. मी म्हणत होते की शब्द सगळ्यांचे असतात, पण ते खालच्यांनी वरच्यांचे घेतले तर. वरच्यांनी खालच्यांचे घेतले की तो दरोडा. मी प्रकाशनसंस्थेला पाठवायचा मसुदा एका बैठकीत लिहून काढला. काकूंनी तो पेन्सिल घेऊन वाचला आणि परत दिला तेव्हा प्रत्येक विशेषणासमोर बारीक अक्षरात एकच शब्द होता: कुठून? निर्लज्ज, कुठून? दरोडेखोर, कुठून? जाणीवपूर्वक, कुठून? खोडून खोडून शेवटी दोन परिच्छेद शेजारीशेजारी उरले, प्राध्यापकांचा आणि काकूंचा. काकूंनी तेवढेच पाठवले.

उत्तर यायला बरेच महिने लागले. प्रकाशनसंस्थेचं म्हणणं असं: दोन अभ्यासक एकच वस्तू बघतील तर वर्णनं सारखीच येणार. प्राध्यापकांनी एप्रन स्वतंत्रपणे पाहिला आहे. तरीही सद्भावनेने पुढच्या आवृत्तीत एक तळटीप घालू, की डॉ. इंदुमती घारपुरे यांनीही याआधी स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला येऊन लेख लिहिला होता. सोबत सही करायचा कागद होता. सही केली की वाद मिटला.

मला वाटलं काकू तो फाडून टाकतील. त्यांनी तो फ्रिजवर चुंबकाने लावला. येता-जाता वाचायच्या. त्या पुस्तकात, त्या बांधणीत, आपलं नाव. तळटीपेत का होईना. आयुष्यभर दुसऱ्यांना तळटिपा देणाऱ्या बाईला कोणीतरी एक तळटीप देत होतं. "स्वतंत्रपणे हा शब्द खोटा आहे," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "माहितेय मला. पण नाव खरं आहे ना." तेव्हा प्रथमच मला कळलं की त्यांना हे किती हवं होतं.

सही करायच्या आधी मात्र त्यांना एप्रन बघायचा होता. सभासद उरले नाहीत म्हणून ओहायोतलं ते लॉज बंद झालं होतं आणि तिथल्या वस्तू गावच्या छोट्या संग्रहालयाला दिल्या होत्या. आता तिथे कोणीही जाऊ शकत होतं. डोळ्यांचं ऑपरेशनही नुकतंच झालेलं. अदितीने फोनवर वैतागून विचारलं, "आई, व्हाय नाऊ? जस्ट साइन इट." काकू म्हणाल्या, न बघितलेल्या गोष्टीवर एकदा लिहिलं, ते पुरे, आता सही बघून करीन.

मे महिन्यात आम्ही निघालो. काकूंनी रेशमी साडी नेसली होती. डब्यात मेथीचे ठेपले होते, अर्थात कोणाचे ते सांगून. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांतून जाताना पूर्ण वेळ काकू त्या बाईबद्दल बोलत होत्या. दोरा कुठून आणला असेल, नवऱ्याला विचारून सूर्य फिरवला असेल की न विचारता.

संग्रहालय म्हणजे जुनी बँक होती. दारात एक वाकलेला म्हातारा होता, आणि तो डेल निघाला. लॉज गेलं, आता तो इथे स्वयंसेवक होता. त्याने काकूंना ओळखलं. "मॅम, तेव्हा नियम होता," तो म्हणाला, आणि दार जरा जास्तच उघडून धरलं. काकू म्हणाल्या, नियम तुमचा नव्हता, आणि काच तुम्हीच दिलीत, हे मी लिहिलंय.

एप्रन काचेच्या पेटीत होता, अपेक्षेपेक्षा लहान, रेशीम पिवळं पडलेलं. मी काकूंच्या मागे उभी होते. त्या वाकल्या. खूप वेळ वाकलेल्याच राहिल्या. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं.

सूर्य डावीकडे होता.

लांब किरण होता, दोरा होता, सगळं तसंच होतं, फक्त डावीकडे. चंद्र उजवीकडे. त्या भागातल्या इतर कुठल्याही एप्रनसारखा एप्रन. काकूंनी डेलला शांतपणे विचारलं की हा पूर्वी कधी उलटा टांगला होता का. तो हसला. उलटा टांगला तर अस्तर दिसेल, मॅम. मग मी विचारलं, काही वर्षांपूर्वी एक प्राध्यापक हा बघायला आले होते ना, स्वतः मेसन असलेले? डेलने आठवून पाहिलं. लॉज बंद होईपर्यंत किल्ली त्याच्याकडेच असायची. तो म्हणाला की या एप्रनची चौकशी करणारी एकच व्यक्ती आजवर आली, आणि तिला आपण स्वयंपाकघरात बसवलं.

ज्याला आत जाता येत होतं, तो गेलाच नव्हता.

परतताना इंटरस्टेटवरच्या एका ट्रक स्टॉपला आम्ही थांबलो. कागदी कपात चहाची पिशवी बुडवत त्या म्हणाल्या, "काच खाली ठेवली होती मी. लेप वर."

मला कळलं नाही. मग त्यांनी टेबलावरचा नॅपकिन घेऊन दाखवलं. काचेच्या निगेटिव्हला एका बाजूला लेप असतो, चित्र त्या लेपात असतं. बघताना लेप खाली आणि काच आपल्याकडे असावी लागते, म्हणजे डावं-उजवं बरोबर दिसतं. काकूंना लेपावर ओरखडा पडेल अशी भीती वाटली. दुसऱ्याची वस्तू. म्हणून त्यांनी काचेची बाजू लाइट बॉक्सवर टेकवली आणि लेप वर ठेवला. चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसलं. त्यावर अक्षर नव्हतं, माणूस नव्हता, उलटं आहे हे सांगणारं काही नव्हतं. काळजी घेतली म्हणून चूक झाली.

"ती बाई गेली," काकू म्हणाल्या.

"कोण?"

"सूर्य फिरवणारी. ती नव्हतीच कधी. तिने आपलं नीट, सगळ्यांसारखं भरतकाम केलं. सूर्य फिरवला तो मी."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, पण त्याच क्षणी दुसरीही गोष्ट लख्ख दिसली आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, काकू, तो सापडला. एप्रन पाहिला असता तर त्याने सूर्य डावीकडे लिहिला असता. जगात सूर्य उजवीकडे एकाच ठिकाणी आहे, तुमच्या लेखात. आता "स्वतंत्रपणे" म्हणायची सोयच नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "ते मला पेटीसमोरच दिसलं."

"मग?"

"मग काय. तो चोर ठरायला माझा माल खोटा ठरावा लागतो." त्यांनी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आणि मी गप्प बसले तर त्याच्या पुस्तकात माझं नाव येतं. सूर्य उजवीकडेच राहतो, सगळ्यांसाठी, कायमचा. कोणी ओहायोला येत नाही बघायला."

  मग त्यांनी विचारलं, "तुझे बाबा काय करतील?"

"पत्रक काढतील."

"नावाशिवाय?"

"नावाशिवाय."

"मी नाव घालून काढते," काकू म्हणाल्या. "चल, गाडी काढ."

घरी पोचल्यावर त्यांनी चपला काढायच्या आधी फ्रिजवरचा कागद काढला आणि रद्दीत टाकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्रैमासिकाला दुरुस्ती पाठवली. मोजकीच वाक्यं होती. माझ्या लेखात मी सूर्य उजवीकडे असल्याचं लिहिलं, तो डावीकडे आहे. मी निगेटिव्ह उलट बाजूने पाहिली. तिच्यावर उभा केलेला माझा निष्कर्ष टिकत नाही. माझ्या माहितीप्रमाणे ही चूक माझ्याआधी कोणीही केलेली नाही. ती सर्वस्वी माझी आहे.

प्राध्यापकांचा उल्लेख नव्हता. मी भांडले. नाव घाला, पुस्तक घाला, पान घाला. काकू म्हणाल्या की मला जे माहीत आहे ते मी लिहिलं, त्याने काय केलं ते त्याला माहीत आहे, त्याचं तो लिहील. संपादकाचा फोन आला, की बाकी ठीक आहे पण शेवटच्या दोन वाक्यांची खरंच गरज आहे का, दुरुस्तीत असं कोणी लिहीत नाही. काकू फोनवर म्हणाल्या, "दॅट इज द करेक्शन. बाकीचं काढलंत तरी चालेल."

छापून आलं तेव्हा त्या विषयातल्या लोकांना त्यातल्या 'माझ्याआधी'चा अर्थ लावायला फार वेळ लागला नाही. कोणीतरी जाड पुस्तकाचं आठवं प्रकरण उघडलं, कोणीतरी दोन्ही पानांचे फोटो शेजारीशेजारी टाकले. प्राध्यापकांनी खुलासा केला की जुन्या टिपणांत कुठलं कोणाचं ते मिसळून गेलं. पुढच्या आवृत्तीतून प्रकाशनसंस्थेने एप्रनचा भागच काढून टाकला, आणि अर्थातच त्याबरोबर ती तळटीपही गेली. प्राध्यापकांची नोकरी आहे तिथेच आहे, पुस्तक अजून विकलं जातं. त्यात काकूंचं नाव नाही.

मला हे अजून पटलेलं नाही. मी असते तर नाव घातलं असतं, मोठ्या टाइपात. न्याय असा अर्धवट झालेला मला आवडत नाही. हे मी काकूंना म्हटलं तेव्हा त्या लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, चांगल्या गोष्टीवर सगळेच हक्क सांगतात. मी सांगितला तो चुकीवर, तिथे दुसरा कोणी हक्क सांगायला आला नाही. तेवढ्यावरून कळलं लोकांना." आणि मग, जरा थांबून, "पण ती बाई असती तर बरं झालं असतं."

पुढच्या वर्षी त्यांनी घर विकलं आणि अदितीकडे फ्रिस्कोला जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सकाळी मी गेले तर अदिती व्हॅनमध्ये सामान लावत होती आणि काकू व्हॅनशेजारी फोल्डिंगच्या खुर्चीत बसून कुठला खोका कोणाच्या पुस्तकांचा हे तिला सांगत होत्या. "आई, इट डझन्ट मॅटर, सगळं एकाच घरात जातंय," अदिती म्हणत होती. काकूंना ते मान्य नव्हतं.

त्यांनी मला एक स्टीलचा डबा दिला. दुसरा तसाच डबा शिल्पासाठी होता, तो तिला पोचवायचा होता. मग त्या व्हॅनमध्ये चढल्या, पट्टा लावला, आणि काच खाली करून मला म्हणाल्या, डबा परत करू नकोस, तो तुझा. व्हॅन उतारावरून खाली गेली तेव्हा त्या मागे वळून बघत नव्हत्या. वळणावर अदितीला उजवीकडे-डावीकडे हाताने काहीतरी दाखवत होत्या.

मी तिथेच पायरीवर बसून डबा उघडला. शंकरपाळी होती. वर एक चिठ्ठी, त्यांच्या बारीक अक्षरात: कृती सुलभा देव, नागपूर. साखर कमी केली ती शिल्पाने, आणि तेच बरोबर. करपवली आहे ती मी.